किती मारल्या की किती वाचतात?

आमच्या आत्याच्या परड्यात दहा-बारा गावरान कोंबड्या असायच्या. दोन-तीन वर्षांतून एकदा, उन्हाळा लागता लागता, मर यायची. एखादी कोंबडी पंख पाडून खुराड्याच्या कोपऱ्यात बसायची, हिरवट पातळ शिटायची, दुसऱ्या दिवशी तिची मान पिळल्यासारखी वाकडी व्हायची. गावात या रोगाला मानमोडी म्हणतात, जनावरांच्या दवाखान्यात राणीखेत. आत्या त्या कोंबडीकडे एकदा बघायची, मग उरलेल्यांकडे बघायची, आणि सांजेपर्यंत त्यातल्या सात-आठ कापलेल्या असायच्या. दोन तेवढ्या डालग्यात घालून वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला चुलतीकडे पाठवायची, बियाला म्हणून. त्या दिवशी अख्ख्या भावकीत रस्सा जायचा.

एका वर्षी त्यात माझी लाडकी तुरेवाली गेली. मी रडत विचारलं, "ती तर चांगली होती ना गं?"

"चांगली होती म्हणूनच कापली," आत्या म्हणाली. "रोगानं मेली तर मातीत, कापली तर पोटात."

आत्याला पोटाची काळजी होती, साथ रोखायची नव्हती. पण 'चांगली होती म्हणूनच' हे तिचं म्हणणं, खाण्याचा भाग सोडला तर, जनावरांच्या साथी रोखण्याचा फार जुना नियम आहे. एक जनावर आजारी पडलं की त्याच्या आसपासची धडधाकट जनावरं ती धडधाकट आहेत तोवरच मारायची. थोडी मारली तर पुष्कळ वाचतील. पहिलीच्या पोराला सुटेल असं वजाबाकीचं गणित वाटतं. ते उकलायला बसलं की मात्र कळतं, 'थोडी' किती, 'पुष्कळ' कोण आणि 'वाचली' म्हणजे काय, यातलं काहीच तितकं सरळ नाही.

२००६ च्या फेब्रुवारीत नवापूरचं नाव देशभर झालं. नवापूर नंदुरबार जिल्ह्यात, गुजरातच्या हद्दीला चिकटून. रेल्वे स्टेशन तर इतकं हद्दीवर की फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत येतो. हे अंड्यांच्या पोल्ट्र्यांचं गाव. शेडमधल्या कोंबड्या भराभर मरायला लागल्या तेव्हा राणीखेतचा संशय होता. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झालं की हा बर्ड फ्लू आहे, एच५एन१ जातीचा. भारतातला पहिलाच.

मग नकाशावर वर्तुळं काढली गेली. बाधित पोल्ट्रीपासून ३ किलोमीटरच्या आतला प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा, १० किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची. वर्तुळाला राज्याची हद्द कळत नाही, त्यामुळे गुजरातेतल्या उच्छल तालुक्यातही तेच झालं. पुढे जळगाव जिल्ह्यातही साथ सापडली. पांढरे सूट, गॉगल, मास्क घातलेली पशुसंवर्धन खात्याची पथकं आली, जेसीबीने खड्डे खणले गेले, काही लाख पक्षी मारले गेले. माणसांपैकी कुणालाही लागण झाली नाही.

बातम्यांत या कामाला 'शास्त्रोक्त पद्धतीने विल्हेवाट' म्हणतात. अंड्यांच्या पोल्ट्रीत ती अशी लावतात. पिंजऱ्यांच्या लांबच लांब रांगा असतात, एकेका खणात तीन-चार कोंबड्या. माणूस खणात हात घालतो, पायाला धरून कोंबडी ओढतो, दुसऱ्या हाताने मान खेचून पिळतो. एकीला दोन-तीन सेकंद. मग गोणी, मग खड्डा, वर चुना, वर माती. शेडमध्ये दहा हजार कोंबड्या असतील तर हे दहा हजार वेळा करायचं, फेब्रुवारीच्या उन्हात, हवा आत न जाणाऱ्या सुटात. नंतर खाद्याची पोती आणि अंड्यांचे ट्रेही त्याच खड्ड्यात. अंडं म्हणजे जनावर नव्हे, तरी त्याचाही हिशोब होतो.

हे करायचंच का? विषाणू स्वतःच्या जिवावर जगत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. शिटेतून, चोचीच्या पाण्यातून, माणसाच्या चपलेला लागून, ट्रेबरोबर टेम्पोत बसून तो पुढच्या शेडमध्ये जातो. लागण झालेली कोंबडी दिसायला ठणठणीत असते तेव्हाच विषाणू बाहेर टाकायला लागते. ती मलूल दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. गवताला आग लागली की शेतकरी ज्वाळांच्या पुढे जाऊन गवताचा एक पट्टा स्वतःच जाळून टाकतो, जाळरेषा काढतो, तसंच हे. पुढे जाळायला काही उरलं नाही की आग विझते.

यात मारल्या जाणाऱ्या सगळ्या कोंबड्या मात्र एकसारख्या नसतात, आणि इथेच बहुतेक चर्चा गोंधळते. ज्या शेडमध्ये रोग शिरलेला आहे, तिथल्या कोंबड्या तशाही वाचणार नसतात. एच५एन१ शिरला की दोन-चार दिवसांत जवळपास सगळी शेड आडवी होते, आणि ते मरण मान पिळण्यापेक्षा बरं नाही. त्यांना मारण्यात नैतिक पेच फारसा नाही. घाईघाईत वाईट रीतीने मारणं हा पेच आहे, पण तो वेगळा.

खरा प्रश्न वर्तुळातल्या बाकीच्यांचा. अडीच किलोमीटरवर एका घरामागे आठ कोंबड्या आहेत, सगळ्या टुणटुणीत. त्यांना लागण होईल का? होईलही, नाहीही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते इथे अक्षरशः खरं आहे, फरक इतकाच की ओलं आपण होऊन पेटत नाही, सरकार पेटवतं. आणि वर्तुळ कुणी ठरवलं? पुढच्या कृती आराखड्यात ३ किलोमीटरचं १ किलोमीटर झालं. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला तेव्हा १ किलोमीटरच्या आतले पक्षी मारले. शाळेतलं सूत्र आठवा. ३ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस किलोमीटर, १ किलोमीटर त्रिज्येचं ३ च्या आसपास. म्हणजे आधीच्या नियमाने जितक्या भागातली खुराडी रिकामी झाली असती, त्याचा नववा हिस्सा नव्या नियमात आला. २००६ साली दोन किलोमीटरवर असलेली कोंबडी 'थोडी मारायची' यात मोडत होती. २०२१ साली तेवढ्याच अंतरावरची कोंबडी 'पुष्कळ वाचवायची' यात गेली. दोघींनी काहीच वेगळं केलेलं नव्हतं.

म्हणून हे गणित खोटं ठरतं असं मी म्हणणार नाही. ते खरं ठरल्याचं ठळक उदाहरण हाँगकाँगचं आहे. १९९७ साली तिथे १८ माणसांना एच५एन१ झाला, त्यातली ६ दगावली. कोंबडीतून थेट माणसात येऊन हा विषाणू मारतो, हे तेव्हा पहिल्यांदाच दिसलं. वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांत शहरातल्या बाजारांतली आणि फार्मवरची जवळपास सगळी कोंबडी मारण्यात आली, तेरा-पंधरा लाख पक्षी. त्या साथीत त्यानंतर एकही नवा माणूस आजारी पडला नाही. २००३ पासून जगभरात नऊशेहून जास्त माणसांना हा रोग झाल्याची नोंद आहे आणि त्यातली निम्म्याच्या आसपास गेली. तो आकडा डोळ्यांपुढे असताना हाँगकाँगचा निर्णय चूक होता असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. तिथे वाचवायचे जीव खरे होते, धोका दारात होता, आणि दुसरा उपाय त्या आठवड्यात कुणाकडेच नव्हता.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा विषय निघाला की एक गाडी येतेच. फिलिपा फूट या ब्रिटिश बाईंनी १९६७ साली ती रुळावर सोडली. ब्रेक नसलेली ट्रॉली सुसाट निघाली आहे, पुढे रुळावर पाच माणसं आहेत. तुमच्या हातात सांधा बदलायचा दांडा आहे. तो ओढलात तर गाडी दुसऱ्या रुळावर जाईल, तिथे एकच माणूस आहे. ओढाल का? बरेच जण ओढू म्हणतात. मग जुडिथ थॉमसन यांनी गोष्ट थोडी फिरवली. आता दांडा नाही, रुळांवरून जाणारा एक पूल आहे आणि तुमच्या शेजारी एक जाडजूड माणूस उभा आहे. त्याला खाली ढकललंत तर गाडी अडेल आणि पाच वाचतील. ढकलाल का? इथे बहुतेकांचा हात मागे येतो. आकडे तेच, एक विरुद्ध पाच. मग हात का मागे आला? पहिल्या वेळी तो एक माणूस दुर्दैवाने वाटेत होता. दुसऱ्या वेळी तुम्ही त्याला हत्यार केलंत.

हे माणसांचं झालं. जनावरांच्या बाबतीत मात्र आपण सगळे बिनदिक्कत ढकलतो. रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने ही दुटप्पी चाल नेमकी पकडली होती: माणसांसाठी हक्क, जनावरांसाठी हिशोब. पीटर सिंगर म्हणतात, हिशोबच करायचा तर नीट करा, जनावराची वेदना पूर्ण भावाने मोजा, अर्ध्या भावाने नको. टॉम रेगन यांना हिशोबच मान्य नव्हता. प्रत्येक जनावर स्वतःचं आयुष्य जगत असतं, ते दुसऱ्याच्या फायद्यासाठी खर्चायची आपल्याला मुभाच नाही, असं ते मांडत. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, आणि कोंबडी खाणाऱ्या माणसाने हे लिहावं यातली गंमतही कळते.

आता हे गणित जिथे सपशेल घसरलं ते बघू. त्यासाठी बर्ड फ्लू सोडून एक असा रोग घेऊ, जो आपल्या प्रत्येक गोठ्याला ठाऊक आहे: लाळ्या-खुरकूत. जनावराला ताप येतो, तोंडात फोड येतात, लाळ गळते, खुरांत जखमा होतात, दूध आटतं. वासरं दगावतात. पण मोठं जनावर बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत उठून उभं राहतं. आपल्याकडे यावर वर्षातून दोनदा लस टोचतात. शेजारच्या गोठ्यात लाळ्या आली म्हणून आपला गोठा मारून टाका, असं गावात कुणी म्हणालं तर त्याला आधी उन्हातून सावलीत बसवतील.

२००१ साली ब्रिटनमध्ये नेमकं हेच झालं. फेब्रुवारीत रोग सापडला. बाधित फार्मवरची जनावरं २४ तासांत आणि त्याला लागून असलेल्या फार्मवरची ४८ तासांत मारायची, असा नियम झाला. संगणकावरच्या साथीच्या प्रतिकृती सांगत होत्या की एवढं झपाट्याने केलं तरच साथ आवरेल. सप्टेंबर संपेपर्यंत २०२६ ठिकाणी रोग सापडला आणि ६० लाखांहून जास्त मेंढ्या, गाई, डुकरं मारली गेली. त्यातल्या बहुसंख्य जनावरांना रोग नव्हता. कित्येक तर अशी की वाहतूकबंदीमुळे त्यांना हलवता येईना, चिखलात उभी राहून उपाशी मरू लागली, म्हणून मारली. माळरानावर प्रेतांचे ढीग रचून पेटवले जात आणि धूर काही मैलांवरून दिसे.

लस होती. वापरली नाही. का नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळ्या विषयाची गोम तिथे आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारात 'लस न टोचता रोगमुक्त' असा एक दर्जा असतो. तो असेल तर मांसाला आणि जनावरांना मोठ्या बाजारांचं दार उघडं राहतं. लस टोचली की तो दर्जा परत मिळायला जास्त महिने लागतात, कारण रक्ताच्या तपासणीत लसीमुळे आलेली प्रतिकारशक्ती आणि रोगामुळे आलेली यातला फरक तेव्हा सहज करता येत नव्हता. नेदरलँड्सने त्याच वर्षी यावर एक विलक्षण तोडगा काढला. साथीच्या भागातल्या जनावरांना लस टोचली आणि मग ती टोचलेली जनावरंही मारून टाकली. दोन लाखांच्या आसपास.

तेव्हा ब्रिटनमध्ये त्या ६० लाखांनी वाचवलं कुणाला? रोग जीव फारसे घेत नव्हताच. वाचवायचा होता तो निर्यातीचा दाखला. तो वाचवणं मूर्खपणाचं असतं असं नाही, त्यावर हजारो कुटुंबांची चूल असते. पण मग फळ्यावर 'थोडे जीव विरुद्ध पुष्कळ जीव' असं लिहू नये. 'जीव विरुद्ध पैसे' असं लिहावं आणि मग मत मागावं.

लोकांचं मत तिथे फिरलं ते एका वासरामुळे. डेव्हनमधल्या एका फार्मवर सगळी गुरं मारली होती. पाच दिवसांनी प्रेतं हलवायला माणसं आली तर मेलेल्या आईशेजारी दोन आठवड्यांचंही नसलेलं एक पांढरं वासरू उभं. पेपरांनी त्याचं नाव फीनिक्स ठेवलं. सगळीकडे तो फोटो छापून आला आणि सरकारने शेजारच्या फार्मचा नियम ढिला केला. साठ लाखांनी जे झालं नाही ते एकाने झालं. आकडा मोठा झाला की आपलं मन बधिर होतं आणि एक तोंड दिसलं की जागं होतं. या स्वभावाला हसावं की त्याचे आभार मानावेत, माझं अजून ठरलेलं नाही.

आपल्याकडच्या गोठ्याची कथा याच्या अगदी उलटी आहे, आणि ती फार कमी सांगितली जाते. बुळकांडी हा गुरांचा काळ होता. ताप, तोंडात फोड, मग जुलाब, आणि आठवडा-दीड आठवड्यात जनावर खलास. आफ्रिकेत १८९० च्या दशकात तिने दहातली आठ-नऊ गुरं नेली. युरोपने तिच्यावर जुनाच उपाय केला होता. १७१४ साली इंग्लंडमध्ये साथ आली तेव्हा राजाचे शल्यवैद्य थॉमस बेट्स यांनी बाधित कळप मारून जाळायला सांगितलं, पण एक शहाणपणाची अट घातली: शेतकऱ्याला भरपाई द्या. भरपाई नसेल तर तो आजारी गाय लपवेल किंवा रातोरात बाजारात विकेल, हे त्यांना कळत होतं. काही महिन्यांत साथ आटोक्यात आली.

हिंदुस्थानात ही तलवार चालण्यासारखी नव्हती. गाई-बैलांचे कळप सरकारी हुकमाने मारायचे म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे इंग्रजांना पुरतं ठाऊक होतं. मारता येत नाही म्हटल्यावर दुसरी वाट शोधणं भाग पडलं, असं मला तरी हा इतिहास वाचून वाटतं. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ साली कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. १९२० च्या दशकात तिथे जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा फिरवत नेला. त्यात तो गुरांसाठी इतका सौम्य झाला की टोचल्यावर जनावर मरेना, उलट त्याला जन्मभराची ताकद मिळे.

आणि इथे ढकलायचा जाडा माणूस समोर येतो. ही लस शेळ्यांत तयार होई. धडधाकट शेळीला विषाणू टोचायचा, तो अंगात भिनला की तिला मारायचं, प्लीहा काढायची आणि त्यापासून लस करायची. वर्तुळातल्या कोंबडीसारखी ती शेळी वाटेत आलेली नव्हती. तिला बुळकांडीपासून वाचवायचंही नव्हतं. ती शुद्ध साधन होती. रेगन यांच्या हिशोबी हे त्याज्य. तरीही आकड्यांच्या बाजूने पाहिलं तर 'थोडी मारून पुष्कळ वाचवली' याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही, कारण एका शेळीपासून खरोखर कितीतरी गुरांची लस होत होती. १९५४ साली देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम निघाली ती याच लसीवर. पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी काचेच्या भांड्यात वाढवलेल्या वासराच्या पेशींवर लस तयार केली आणि शेळ्यांचा बळी थांबला. भारतात शेवटची साथ १९९५ साली दिसली. २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ घालवलेला हा दुसराच रोग.

गाय मारणं अवघड होतं म्हणून लस निघाली आणि कोंबडी मारणं सोपं आहे म्हणून खड्डा निघाला, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात बोचणारं सत्य वाटतं. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पीची मोठी साथ आली. आपण लगोलग शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचत सुटलो, मेलेल्या गाईसाठी सरकारने मदत दिली, कळप मारायचा विषयही कुणी काढला नाही. तोच लम्पी युरोपात निघाला की बाधित कळप मारायचा असा तिथला नियम आहे. अमेरिकेत २०२२ पासून बर्ड फ्लूमुळे पंधरा कोटींहून जास्त कोंबड्या-बदकं गेली किंवा मारली गेली. २०२४ च्या मार्चमध्ये तोच एच५एन१ टेक्सासच्या दुभत्या गाईंत सापडला, तर गाईंना वेगळं बांधून उपचार केले. गाय यातून बहुधा बरी होते, कोंबडी होत नाही, हे कारण खरं आहे. पण गाय महाग असते, हेही खरं आहे. नागपूरच्या गोरेवाड्यात याच विषाणूने तीन वाघ आणि एक बिबट्या गेल्याचं २०२५ च्या सुरुवातीला उघड झालं. तेव्हा आसपासच्या पिंजऱ्यांतले वाघ मारून टाका, असं कुणी चुकूनही म्हटलं नाही. म्हणू नयेच. पण कोंबडीच्या वेळी ते वाक्य तोंडातून किती पटकन निघतं.

बेट्स यांची अट आजही तितकीच लागू आहे. आपल्याकडे सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. लवकर कळवा म्हणून हा नियम चांगला आहे. पण बाजारभावापेक्षा भरपाई कमी पडली किंवा हातात यायला महिने लागले की पोल्ट्रीवाला पहिल्या शंभर मेलेल्या कोंबड्या रात्री गुपचूप पुरतो आणि बाकीच्या पहाटेच्या टेम्पोत भरतो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तोवर रोग चार तालुके ओलांडतो आणि मग वर्तुळं वाढतात. २००८ साली पश्चिम बंगालमध्ये चाळीस लाखांच्या वर पक्षी मारले गेले, त्यातले पुष्कळसे घरामागच्या खुराड्यांतले. तिथे ती कोंबडी म्हणजे घरातल्या बाईची गल्ल्याची पेटी. पथक आलं की ती कोंबडी धान्याच्या कणगीमागे गेली, तर दोष कुणाला द्यायचा?

बरं, कोंबडीला लस का नाही? राणीखेतची आहे, गंबोरोची आहे, मग बर्ड फ्लूची का नको? बर्ड फ्लूच्या लसीही निघाल्या आहेत. चीन कित्येक वर्षं टोचतो. फ्रान्समध्ये २०२१-२२ च्या हंगामात दोन कोटींहून जास्त पक्षी मारावे लागले. अखेर ऑक्टोबर २०२३ पासून त्यांनी बदकांना लस द्यायला सुरुवात केली. त्या हिवाळ्यात साथीची ठिकाणं दहाच्या आसपास उरली, आधी ती तेराशेच्या वर होती. आणि लस द्यायला लागल्याबरोबर अमेरिकेने फ्रान्सच्या पोल्ट्रीची आयात अडवली. भीती अगदीच निराधार नव्हती. लस टोचलेला पक्षी स्वतः न मरता विषाणू बाळगू शकतो, त्यामुळे सतत तपासण्या कराव्या लागतात आणि त्यांचा खर्च असतो. तरी २००१ चाच खेळ पुन्हा दिसतो. बाटली फडताळात आहे, आणि फडताळाला कुलूप व्यापाराचं आहे.

जुनं गणित आणखी एका बाजूने ढासळतंय. जाळरेषा उपयोगी पडते ती आग जमिनीवरून सरकत असेल तेव्हा. गेल्या काही वर्षांत हा विषाणू रानपक्ष्यांत मुरला आहे, म्हणजे ठिणग्या आभाळातून पडतात. या हंगामात सगळं वर्तुळ रिकामं केलं तरी पुढच्या थंडीत तळ्यावर पाहुणे उतरतातच. मग 'थोडी मारून' हे वाक्य दर वर्षी म्हणावं लागतं आणि 'थोडी' हा शब्द दर वर्षी फुगतो.

शिवाय 'वाचल्या' म्हणजे नेमकं काय? ब्रॉयलर कोंबडी चाळीस-पंचेचाळीस दिवस जगते. अंड्यांची कोंबडी दीड वर्ष, मग अंडी कमी झाली की तीही गाडीत. वर्तुळाबाहेर वाचलेल्या प्रत्येक कोंबडीची तारीख आधीच ठरलेली असते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवर फिरली. भाव इतका पडला की आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या फुकट वाटल्या, कुठे कुठे जिवंत पिल्लंच पुरली. तिथे तर रोगही नव्हता. म्हणून 'पुष्कळ कोंबड्यांचे जीव वाचवायला' हे कारण ऐकलं की मी थबकतो. माणसांचे जीव वाचवायला, हे मला समजतं. शेतकऱ्याची उरलेली शेड वाचवायला, हेही समजतं.

आत्या आता थकली. परडं वहिनीच्या हातात आहे, आणि तिने मानमोडीशी वेगळाच सामना मांडलाय. वर्षातून एक-दोनदा ती तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून लसीची बाटली आणते, बर्फ घातलेल्या थर्मासात. बाटली शंभर कोंबड्यांची, वहिनीच्या चौदा. पाणी मिसळलं की तासा-दोन तासांत संपवावी लागते, ठेवून चालत नाही. म्हणून ती आदल्या दिवशी वाडीभर सांगत फिरते आणि दिवेलागणीला, कोंबड्या डालल्या की, बायका एकेक डालगं काखेला मारून तिच्या ओट्यावर येतात. एकीने पंख धरायचे, दुसरीने सुई मारायची, तिसरीने पायाला चिंधी बांधायची, म्हणजे तीच पुन्हा टोचली जात नाही. मागच्या खेपेला मी कंदील धरून उभा होतो. ब्याण्णव झाल्या. पलीकडच्या आळीतली एक जण आली नाही. टोचल्यावर अंडी कमी होतात म्हणाली.

सकाळी निघताना तिच्या खुराड्यापासून वहिनीच्या परड्यापर्यंतचं अंतर मी पावलांनी मोजलं. एकशे चाळीस भरलं.